देवळातून दिवाणखान्यात: 'टिकी' फर्निचरचा प्रवास

१/ १९६० च्या आसपासच्या अमेरिकेत अनेक मध्यमवर्गीय घरांच्या तळघरात बांबूने मढवलेला छोटा बार असे. शेजारी काळपट लाकडाची जड खुर्ची, आणि तिच्या पाठीवर डोळे वटारलेला, दात विचकणारा एक चेहरा. या शैलीला 'टिकी' म्हणतात. हा चेहरा मूळचा कोणाचा? 🧵

२/ पॉलिनेशियात 'टिकी' या शब्दाला वजन आहे. काही माओरी परंपरांत टिकी हा आद्य पुरुष. मार्केसास बेटांवर कोरलेली मानवाकृती म्हणजे टिकी. हवाईत अशा मूर्तीला 'किई' म्हणतात. देव आणि पूर्वज यांच्याशी जोडलेली ही शिल्पे होती.

३/ बसण्याची तिथली रीतही निराळी. लोक विणलेल्या चटयांवर बसत. ताहितीतील सरदारांसाठी एकसंध लाकडातून कोरलेली बुटकी आसने असत. उंच पाठीची 'टिकी खुर्ची' ही पूर्णतः अमेरिकी कल्पना.

४/ हवाईतील मूर्तींचे काय झाले? १८१९ मध्ये राजा कामेहामेहा पहिला वारला. त्याचा पुत्र लिहोलिहो याने स्त्रियांच्या पंगतीत जेवून 'कापू' ही निषेधव्यवस्था मोडली. मंदिरे पाडली गेली, मूर्ती जाळल्या गेल्या. 'कू' या देवाच्या भव्य मंदिरमूर्तींपैकी आज तीनच ज्ञात आहेत: होनोलुलू, लंडन आणि सेलम येथील संग्रहालयांत.

५/ आता अमेरिका. १९३३ मध्ये दारूबंदी उठली. देश मंदीने पिचलेला होता. हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट याचे 'डॉन द बीचकोंबर' आणि ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉन याचे 'ट्रेडर विक्स' गाजू लागले. रमच्या पेल्याबरोबर तिथे दूरच्या बेटांचे स्वप्न मिळे.

६/ दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी प्रशांत महासागराच्या आठवणी आणल्या. १९४७ मध्ये मिचनर यांचे 'टेल्स ऑफ द साउथ पॅसिफिक' प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी थोर हायरडाल यांचा 'कॉन-टिकी' तराफा १०१ दिवसांत पेरूहून पॉलिनेशियात पोहोचला. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले आणि या वेडाला उधाण आले.

७/ मागणी पुरवणारे कारागीरही पुढे आले. कॅलिफोर्नियातील 'ओशनिक आर्ट्स' उपाहारगृहांसाठी मूर्ती कोरी. वॉशिंग्टन राज्यातील विल्यम वेस्टनहेव्हर यांच्या 'विटको'ने घरोघरी बार, स्टूल, पलंग पोहोचवले. लाकूड यांत्रिक करवतीने कोरायचे, त्यावर ज्योत फिरवून काळे करायचे, मग घासून रेषा उठवायच्या. एकेकाळी मूर्ती आगीत गेल्या होत्या. आता आग ही सजावटीची कृती झाली.

८/ १९७६ साली दोन घटना घडल्या. एल्व्हिस प्रेस्ली याने ग्रेसलँडमधील, कोरीव लाकडी आसनांनी भरलेल्या 'जंगल रूम'मध्ये ध्वनिमुद्रण केले. तोवर ही फॅशन ओसरू लागली होती.

९/ दुसरी घटना समुद्रावरची. 'होकुलेआ' ही जोडनौका आधुनिक उपकरणांविना हवाईहून ताहितीला पोहोचली. मार्गदर्शक मायक्रोनेशियातील माऊ पियाइलुग. आधार तारे आणि लाटांचा. पॉलिनेशियाची वसाहत दक्षिण अमेरिकेतून वाहत आलेल्या लोकांनी केली, या हायरडाल यांच्या मताला हे सागरी उत्तर होते.

१०/ आज जुने टिकी फर्निचर संग्राहक हौसेने जमवतात. ते अमेरिकी मध्यमवर्गाच्या स्वप्नांचे अस्सल साधन आहे. पॉलिनेशियाच्या इतिहासाचे नव्हे. तो इतिहास अन्यत्र आहे. २०१० मध्ये 'कू'च्या तिन्ही मूर्ती होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये काही काळ एकत्र आल्या. ज्यांचे ते देव, त्यांच्याच भूमीत.