घाट : नदीचा आणि डोंगराचा

नदीच्या पात्रांत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांस आपण घाट म्हणतों, आणि डोंगर चढून जाणाऱ्या वाटेसहि घाटच म्हणतों. दोहोंस एकच नांव कां पडावें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

संस्कृतांत या शब्दाचें रूप ‘घट्ट’ असें आहे. नदीवर उतरण्याची जागा हा त्याचा अर्थ. जेथें उतार तेथें वाटसरू जमावयाचे, आणि जेथें वाटसरू तेथें जकातीची चौकी बसावयाचीच. ‘घट्टकुटीप्रभात’ नांवाचा न्याय याची साक्ष देतो. जकात चुकविण्यासाठीं एक व्यापारी रात्रभर आडवाटेनें भटकला, आणि उजाडतांच पाहतो तों त्याच चौकीपुढें उभा! आमच्या मतें शब्दाचें मर्म येथेंच आहे. घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हत; अडथळा ओलांडण्याची ठरलेली जागा तो घाट, मग अडथळा पाण्याचा असो कीं कड्याचा. अहिल्याबाई होळकरांनीं महेश्वरास नर्मदेवर बांधिला तोहि घाट, आणि जुन्नरजवळ सातवाहनांच्या काळीं वाहता असलेला नाणेघाट तोहि घाटच. नाणेघाटाच्या लेण्यांत नागनिकेचा लेख आहे. माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, असें लोक आजहि सांगतात.

पर्वताचें नांव मात्र निराळें होतें. पुराणांनीं सात कुलपर्वतांत ‘सह्य’ गणिला आहे. समुद्रमार्गानें आलेल्या युरोपियनांस देशावर जावयाचें तर घाट चढावे लागत. त्यांनीं वाटेचें नांव पर्वतासच देऊन टाकिलें. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशांत नदीचा उतार, डोंगराची वाट आणि शेवटीं पर्वतांची रांग, असे तीन अर्थ ओळीनें दिले आहेत. भिंतीस दाराचें नांव पडावें, तसाच हा प्रकार. तेंच नांव पुढें आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत ‘पश्चिम घाट’ होऊन परत आलें, आणि २०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत नोंद केली तीहि त्याच नांवानें.

नांव रूढ झालें. तें बदलावें असा आमचा आग्रह नाहीं. परंतु एक गोष्ट मनास लागते. पर्वत निसर्गानें उभा केला, घाट मात्र माणसांनीं व त्यांच्या बैलांनीं पायांखालीं पाडिले. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, तीहि मजुरांनीं कडे फोडिले म्हणूनच. अशा कष्टकऱ्यांचीं पोरें पोटासाठीं मुंबईस उतरलीं, तेव्हां त्यांस ‘घाटी’ म्हणून हिणविण्यांत आलें. ज्या शब्दानें पर्वताचा गौरव झाला, त्याच शब्दानें माणसाची अवहेलना व्हावी, हें विचित्र खरें! वास्तविक पाहतां हा शब्द प्रथम माणसाचा, त्याच्या पावलांचा. पर्वतानें तो त्याच्याकडूनच उसना घेतला आहे.