आज संध्याकाळी काय आहे?

बंगालीतला ‘सुपारिश’ आणि मराठीतली ‘शिफारस’ ही एकाच फारसी घरातली भावंडे. दोघांच्याही अंगाला कचेरीचा वास येतो. शिफारस म्हटली की नोकरी, बढती, शाळेतला प्रवेश, कुणा ओळखीच्या साहेबाला लिहिलेली चिठ्ठी आठवते. गाणे किंवा नाटक आठवत नाही. गेली काही वर्षे मात्र या शब्दाला नवे काम मिळाले आहे. या आठवड्यात कोणती मालिका पाहावी, कोणता सिनेमा, कोणते पुस्तक वाचावे, कुठल्या मैफलीला जावे, हे सांगणारी पाने शुक्रवार आला की सगळ्याच भाषांत निघतात. त्यातले काही मराठीत आणायची वेळ आली की मी निमूटपणे ‘शिफारशी’ असे लिहून पुढे जाते. लिहिते, पण बरे वाटत नाही. जुन्या लोकांनी हा शब्द का वापरला नाही आणि त्याऐवजी ते काय करत होते, हे शोधता शोधता मी कलकत्त्याच्या नभोवाणीच्या एका पाक्षिकापाशी येऊन थांबले.

त्याचे नाव ‘बेतार जगत’. बेतार म्हणजे बिनतारी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला कलकत्त्याचे. जागा होती डलहौसी स्क्वेअरजवळची, १ गार्स्टिन प्लेस. कंपनीचे ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे इंग्रजी कार्यक्रमपत्र मुंबईहून निघत असे, पण ज्याला संध्याकाळी कीर्तन ऐकायचे आहे अशा बंगाली गृहस्थाला त्याचा उपयोग तो किती? दोन वर्षांनी, सप्टेंबर १९२९मध्ये, बंगाली पाक्षिक निघाले. पहिले संपादक प्रेमांकुर आतर्थी; कादंबरीकार, पुढे चित्रपट दिग्दर्शक. नंतर नलिनीकांत सरकारांनी ते सांभाळले. एका सरकारी (आरंभी निमसरकारीही नव्हे, खासगी) कंपनीचे वेळापत्रक छापायला साहित्यिक माणूस नेमावा, हे मला अगदी त्या शहरासारखे वाटते.

तेव्हा परवान्याची वार्षिक फी दहा रुपये होती आणि १९२९ संपताना साऱ्या देशात परवानाधारक आठ हजारही नव्हते. म्हणजे पाक्षिक काढायचे ते कुणासाठी, हा प्रश्न कुणी विचारला असता तर उत्तर देणे कठीण होते. कंपनी १९३०च्या मार्चमध्ये बुडाली. १ एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला आणि ऑक्टोबर १९३१मध्ये खर्च परवडत नाही म्हणून तो बंद करण्याचा निर्णयही जाहीर केला. ओरड झाली, नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला गेला. ‘बेतार जगत’ या सगळ्यातून तगले. ते अडचणीत असताना वीरेंद्रकृष्ण भद्र जीपीओसमोर उभे राहून स्वतः अंक विकत, ही आठवण कोलकात्यात अजून सांगितली जाते. खरी असो वा वाढवलेली, ज्या माणसाचा आवाज दर महालयेला पहाटे चार वाजता घराघरात ऐकू येतो त्याने फुटपाथवर कागद विकावा, ही गोष्ट सांगायला कुणालाही आवडेल.

या पाक्षिकाचा गाभा म्हणजे पुढच्या पंधरवड्याची यादी. तारीख, वेळ, गायकाचे नाव, प्रकार. ‘अवश्य ऐका’ नाही, ‘चुकवू नये असे’ नाही, तारे नाहीत. लेख, छायाचित्रे, शारदीय अंकात कथा-कविता हे सारे होते, पण यादीच्या रकान्यांत विशेषणाला जागा नव्हती. आजच्या डोळ्यांना हे कोरडे वाटते. मला वाटत नाही. यादी वाचणाऱ्याने आपले आपण ठरवायचे असे, आणि ते ठरवण्यासाठी त्याच्याकडे एक नाव आणि एक प्रकार एवढेच होते.

प्रकारांची ही नावे भाषांतर करणाऱ्याला चांगलाच घाम फोडतात. पल्लीगीती, श्यामासंगीत, रवींद्रसंगीत, आधुनिक गान. ‘आधुनिक गान’ला मराठीत काय म्हणावे? स्वभावाने ते आपले भावगीत. तोच काळ, तेच ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणीचे दुहेरी पालनपोषण. पण भावगीत म्हणताना आपण आतल्या भावाकडे बोट दाखवतो आणि बंगाली माणूस कालाकडे. यादीत शब्द एकदा छापला गेला की गायकांना त्या रकान्यात बसावेच लागले, आणि पुढे श्रोत्यालाही वाटू लागले की गाणी अशीच जन्मतः विभागलेली असतात. फर्माइशीच्या कार्यक्रमाचेही तसेच. कलकत्त्यात तो ‘अनुरोधेर आसर’, आपल्याकडे ‘आपली आवड’. इकडचा श्रोता विनंती करतो, तिकडचा आपली आवड कळवतो. (‘आसर’ म्हणजे बैठक. मुलांसाठी ‘गल्पदादूर आसर’ होता. पंकजकुमार मल्लिक रविवारी सकाळी गाणे शिकवीत तो ‘संगीत शिक्षार आसर’, तब्बल १९२९ ते १९७५ चालला. शेचाळीस वर्षे एकच शिक्षक, न दिसणारा वर्ग आणि मांडीवर वह्या.)

यादीची किंमत मात्र काळाने अशा एका कारणासाठी वाढवली, जे छापणाऱ्यांच्या मनातही नसेल. त्या काळचे बहुतेक कार्यक्रम थेट होत. गायक यायचा, गायचा, निघून जायचा. ध्वनिमुद्रण करून ठेवण्याची सोयही नव्हती आणि गरजही कुणाला वाटत नव्हती. खुद्द ‘महिषासुरमर्दिनी’, बाणीकुमारांची संहिता, पंकज मल्लिकांचे संगीत, भद्रांचे पठण, तीस-एकतीसपासून कितीतरी वर्षे दरवेळी प्रत्यक्ष सादर होत असे. आपण आज ऐकतो ते बऱ्याच नंतरचे मुद्रण. म्हणजे त्या दशकांतल्या शेकडो गायक-गायिकांच्या गाण्याचा उरलेला एकमेव पुरावा हा की अमुक तारखेला, सव्वासात वाजता, त्यांचे नाव छापले होते. कुणाची एकही तबकडी निघाली नसेल, छायाचित्र नसेल. यादीतली ओळ आहे.

पण इथेच इतिहास लिहिणाऱ्याने जपून पाऊल टाकावे. यादी सांगते ते व्हायचे होते. झाले की नाही, हे ती सांगत नाही. ७ ऑगस्ट १९४१ घ्या. बंगाली पंचांगाने २२ श्रावण. त्या दिवशी दुपारी जोडासाँकोच्या घरी रवींद्रनाथ गेले. कलकत्ता केंद्राने दिवसभर बातम्या दिल्या, वीरेंद्रकृष्ण भद्रांनी अंत्ययात्रेचे आणि निमतला घाटाचे वर्णन श्रोत्यांना ऐकवले, काझी नझरुल इस्लाम यांनी त्याच दिवशी लिहिलेली ‘रविहारा’ ही कविता नभोवाणीवर वाचली. कलकत्त्याच्या नभोवाणीच्या इतिहासात याहून अधिक कान देऊन ऐकलेला दिवस क्वचितच सापडेल. पंधरवड्याचा अंक मात्र आधीच छापून ग्राहकांच्या घरी पोचलेला. त्यात यातले काहीही असणे शक्य नव्हते. त्या तारखेच्या रकान्यात जी नावे असतील ती कुणाची तरी हुकलेली संध्याकाळ आहे. गायकाने महिनाभर तयारी केली असेल, नातेवाइकांना कळवले असेल. पुढे अंक चाळणारा एखादा संशोधक लिहून बसेल की हे गाणे झाले.

उलटे उदाहरण १९७६चे. त्या वर्षी महालयेच्या पहाटे आकाशवाणीने भद्रांचे पठण बाजूला ठेवून नवा कार्यक्रम लावला. निवेदनाला उत्तमकुमार, संगीत हेमंत मुखर्जी. बंगालमध्ये याहून मोठी नावे शोधून सापडली नसती. आजच्या भाषेत सांगायचे तर शिफारस अगदी पक्की होती. लोक भडकले. तक्रारींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी षष्ठीला जुना कार्यक्रम पुन्हा ऐकवावा लागला. आणीबाणीचे दिवस होते, हेही लक्षात ठेवावे. सरकारी खात्याला लोकांनी काय ऐकावे ते सांगायची सवय जडली होती. रेडिओच्या बाबतीत तरी कलकत्त्याने ते ऐकून घेतले नाही.

नाटकांची गोष्ट वेगळी, आणि मराठी वाचकाला ती समजावून सांगायची गरज नाही. हातीबागानच्या बाजूची व्यावसायिक थिएटरे, स्टार, विश्वरूपा, रंगमहाल, यांचे दिवस ठरलेले: गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी साडेसहा, रविवारी आणि सुटीच्या दिवशी तीन आणि साडेसहा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ही वेळ इतकी वर्षे छापली गेली की जुन्या माणसांना ती पाढ्यासारखी येते. आपल्याकडे दादरच्या शिवाजी मंदिराची, पुण्याच्या बालगंधर्वची पाने अशीच वाचली जात. नाटकाचे नाव, तालीम करणाऱ्या संस्थेचे नाव, ‘दु. ४ वा.’ आणि तिकीटविक्री सुरू. फरक एवढाच की बंगाली नाटक एका थिएटरात वर्षानुवर्षे मुक्काम करी आणि प्रेक्षक तिथे जाई. मराठी नाटक बसमध्ये बसून प्रेक्षकाकडे जाई. म्हणून आपल्या जाहिरातीत थिएटरांची नावे रोज बदलत आणि त्यांच्या जाहिरातीत प्रयोगांचा आकडा. स्टार थिएटर १९९१मध्ये जळाले. नंतर उभे राहिले, पण ते गुरुवार-शनिवार काही परत आले नाहीत.

आता शिफारस या शब्दाला कोलकात्यात खरोखर शोभेल असा प्रसंग सांगते. तो जिथे घडला ते ठिकाण इथल्या मराठी माणसाच्या पायाखालचे आहे. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. तिथून चालत हाजराच्या चौकात आले की बसुश्री सिनेमा. २६ ऑगस्ट १९५५ला ‘पथेर पांचाली’ शहरात लागला तो या थिएटरातही. (तारीख तीच, कलकत्ता नभोवाणीच्या जन्माची. योगायोगच.) आरंभी गर्दी बेताची होती. मग पाहून आलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगितले, आणि आठवड्याभरात खेळ भरू लागले. पण थिएटर सहा आठवड्यांपुरतेच मिळाले होते. पुढची तारीख एस. एस. वासन यांच्या ‘इन्सानियत’साठी आधीच दिलेली. दिलीपकुमार आणि देव आनंद एकत्र असलेला मोठा हिंदी चित्रपट. वासन यांनी ‘पथेर पांचाली’ पाहिला, सत्यजित रायांच्या घरी सकाळी येऊन कौतुक केले, असे रायांनीच पुढे सांगितले आहे. चित्रपट उतरवला तो उतरवलाच. मग दुसऱ्या थिएटरात तो पुन्हा लागला. इथे तोंडी शिफारस आणि छापील तारीख समोरासमोर आल्या, आणि तारीख जिंकली. थिएटरमालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने शब्द दिला होता.

पुस्तकांकडे वळले की मराठीत एक सुंदर शब्दजोडी भेटते: ‘साभार पोच’. मासिकाच्या शेवटच्या पानांत आलेल्या पुस्तकांची नावे, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. परीक्षण येईल न येईल, पुस्तक पोचले एवढे कबूल. अनेक लेखकांच्या पुस्तकाबद्दल आयुष्यात छापून आलेली तेवढीच ओळ. बंगालीत ‘पुस्तक परिचय’. रामानंद चट्टोपाध्यायांच्या ‘प्रवासी’त तो असे. पण माझ्या दृष्टीने त्यांचे मोठे काम दुसरेच आहे. १९०७मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या इंग्रजी मासिकात ग्रंथपरीक्षणाची पाने भाषावार लावलेली असत: इंग्रजी, बंगाली, हिंदी, गुजराती आणि मराठी. पुण्या-मुंबईला छापलेल्या पुस्तकाची दखल कलकत्त्यातून निघायची आणि लाहोर-मद्रासपर्यंत जायची. परीक्षणे छोटी, कधी चार-पाच वाक्यांची. गोडवा नाही, भाषा सैल असेल तर सैल म्हटले आहे.

ही पाने कुणासाठी होती, हा प्रश्न मला सतावतो. ज्याला मराठी येत नाही तो मराठी पुस्तक विकत घेणार नाही. ज्याला येते त्याला कलकत्त्याचे इंग्रजी मासिक मध्ये कशाला हवे? तरीही वर्षानुवर्षे ही जागा मोकळी ठेवली गेली. त्याच काळात पुण्यात ‘आनंद’ मासिक चालवणारे वासुदेव गोविंद आपटे बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणत होते, आणि त्याआधी, १९०४मध्ये, सखाराम गणेश देउस्कर या मराठी घरातल्या माणसाने बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून इंग्रज सरकारला जप्तीपर्यंत नेले होते. दोन भाषांना एकमेकींच्या दारात काय चालले आहे याची खबर असणे तेव्हा नवलाचे नव्हते. माझ्यासारखीचा व्यवसाय त्या खबरीवर चालतो, म्हणून मला ती पाने वाचताना थोडा हेवा वाटतो. आजच्या शुक्रवारच्या पानांत बंगाली पुस्तक असते, इंग्रजी असते, कोरियन मालिका तर असतेच. मराठी पुस्तक बंगाली पानावर किंवा बंगाली पुस्तक मराठी पानावर शेवटचे कधी पाहिले, ते आठवायला मला वेळ लागतो.

‘बेतार जगत’ ऐंशीच्या दशकाच्या मध्याला बंद झाले. तोवर ९ ऑगस्ट १९७५ला कलकत्ता दूरदर्शन सुरू होऊन दहा वर्षे झाली होती, आणि संध्याकाळचे कार्यक्रम रोजच्या वर्तमानपत्रातच छापून येत. यादीसाठी वेगळे पैसे कोण देणार? कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर त्याचे सुटे अंक कधीमधी मिळतात. वाचकांनी कार्यक्रमांपुढे पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात. त्या खुणा मला संपादकीयापेक्षा जास्त कामाच्या वाटतात.

हाजरा रोडच्या परिसरात होणाऱ्या मराठी कार्यक्रमांची नोंद शहराच्या कुठल्याच पानावर येत नाही. गणपतीतले नाटुकले, कुणाचे गाणे, कुणाचे व्याख्यान, निरोप फोनवर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. मी एक वही केली आहे. तारीख, वेळ, जागा, कोण गाणार, तबल्याला कोण, एवढे आधी लिहिते. शेजारी एक रकाना मोकळा सोडते आणि तो कार्यक्रमाहून घरी आल्यावर भरते: झाला, किती उशिरा सुरू झाला, किती माणसे होती.