पंचवीस सेंटांचा बेसबॉल

बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना बेसबॉलची मॅच दाखवली. तिकीट, पार्किंग, हॉट डॉग धरून झालेला खर्च ऐकून म्हणाले, "मग इथला कामगार कधी बघतो रे?"

प्रश्न जुनाच! १८७६ साली सुरू झालेल्या नॅशनल लीगचं तिकीट ५० सेंट. मजुराची रोजी जेमतेम सव्वा-दीड डॉलर. त्याच्या एकुलत्या सुट्टीला, रविवारी, खेळ बंद. बिअरवरून सिनसिनाटीच्या संघाला १८८० मध्ये लीगने हाकललं. मग १८८२ पासून अमेरिकन असोसिएशनने २५ सेंटांत, बिअरसकट, जमेल तिथे रविवारीही खेळ दाखवला. १८९१ नंतर ती बुडाली, पण तिचे चार संघ घेताना नॅशनल लीगला स्वस्त तिकीट आणि रविवारची मुभा द्यावीच लागली.

हे ऐकून बाबा म्हणाले, "मग काढा की आणखी एक लीग!"