काकडीच्या कळीचे गुपित

काकडीचा वेल ज्याने परसात मांडवावर चढवला असेल, त्याला ही तक्रार नवी नाही. आधी भराभर पिवळी फुले येतात, एकदोन दिवस डोलतात आणि गळून पडतात. घरातली वडील माणसे म्हणतात, 'वांझ फुले ही!' मग एखाद्या सकाळी फुलामागे करंगळीच्या पेराएवढी काकडी दिसते आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. एकाच वेलावर, एकाच पाण्यावर पोसलेली ही दोन तऱ्हेची फुले होतात कशी? काकडी मूळची आपल्याच हिमालयाच्या पायथ्याची. पण या साध्या प्रश्नाचे उत्तर दूरदेशी लागले, आणि ते लागायला तीनशेहून अधिक वर्षे गेली.

प्रथम गळणाऱ्या फुलावरचा वांझपणाचा ठपका पुसला गेला. जर्मनीत ट्यूबिंगेन येथे रुडॉल्फ कामेरारियस नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. १६९४ साली एका स्नेह्यास लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात त्यांनी आपले प्रयोग सांगितले. एरंडावरच्या परागाच्या कळ्या उमलण्याआधीच खुडल्या, तर बोंडात बी धरत नाही, नुसती फोलपटे हाती येतात. मक्याच्या कणसाचे रेशमी केस छाटले, तर दाणा भरत नाही. फुलांतही नर-मादी असतात आणि बी धरण्यास दोघेही लागतात, हे यावरून सिद्ध झाले. गळून जाणारे फूल आपले काम करून गेलेले असते.

पण कळीचे नर वा मादी होणे ठरते केव्हा? काकडीच्या अगदी कोवळ्या कळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा मोठे नवल दिसले. प्रत्येक कळीत आरंभी पुंकेसर आणि स्त्रीकेसर या दोहोंचेही अंकुर असतात. पुढे त्यांतला एक वाढतो, दुसरा जागच्या जागी थांबतो. १९६२ साली एस्रा गालुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर होऊ घातलेल्या कळ्या वेलावरून काढून पोषक द्रव्यावर वाढवल्या. त्यांना ऑक्सिन हे संप्रेरक दिले, तेव्हा त्यांत अंडाशय वाढू लागला. म्हणजे कळीच्या कपाळी काही कायमचे लिहिलेले नसते. कोणीतरी एकाला 'थांब' म्हणते, एवढेच.

हे 'थांब' म्हणणारे कोण? त्याचा माग लागला दिव्यांच्या धुरकट गॅसमध्ये. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यांवर गॅसचे दिवे होते. नळ गळला की आसपासच्या झाडांची पाने झडत. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव्ह यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखवले, की त्या गॅसमधला इथिलीन वायू हा खरा कर्ता. १९३४ साली इंग्लंडात रिचर्ड गेन यांनी सिद्ध केले, की पिकणारे सफरचंद स्वतःच हा वायू सोडते. झाडाला जो बाहेरचा शत्रू वाटला, तो त्याच्या घरचाच निघाला! आणि १९६८ मध्ये असे आढळले, की इथिलीन सोडणारे द्रव्य काकडीच्या रोपांवर फवारले, तर मादी फुले वाढतात.

याच्या उलट काम जिबरेलीन हे संप्रेरक करते. त्याची गंमत अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये कळून आली. तेथे पीटरसन यांनी नुसती मादी फुले देणारा वाण सिद्ध केला. फळ भरपूर, पण पराग देणारे फूल नाही, तर वाण पुढे चालवायचा कसा? १९६० साली त्यांनी त्याच वेलांवर जिबरेलीन फवारले, आणि त्यांवर नर फुले आली. वंश टिकवण्यासाठी त्या 'वांझ' फुलांचीच विनवणी करावी लागली.

संप्रेरक हा निरोप, पण तो धाडतो कोण? १९७९ साली कॅलिफोर्नियात ॲडम्स आणि यांग यांनी झाडात इथिलीन घडण्याच्या साखळीतला हरवलेला दुवा शोधला. पुढची वाट जनुकांकडे गेली. १९९७ मध्ये दिसले, की निव्वळ मादी फुलांच्या काकडीत इथिलीन घडवणाऱ्या एका जनुकाची जादा प्रत असते. मग काकडीचेच भावंड असलेल्या खरबुजात सगळा व्यवहार उलगडला. २००८ साली फ्रान्समधील संशोधकांच्या पुढाकाराने एक जनुक सापडले. ते मादी कळीच्या स्त्रीकेसरात इथिलीन घडवते आणि शेजारच्या पुंकेसराची वाढ रोखते. त्यात बिघाड झाला, तर मादी फुलाऐवजी उभयलिंगी फूल येते. २००९ मध्ये स्त्रीकेसराला रोखणारे जनुक मिळाले, आणि २०१५ मध्ये त्या रोखणाऱ्यालाच गप्प करणारे तिसरे. तेही इथिलीनच घडवणारे!

पण जनुक एकटे राज्य करीत नाही. दिवस लहान आणि हवा थंड झाली, की काकडीचा कल मादी फुलांकडे झुकतो. ऋतूचा निरोपही कळीपर्यंत पोहोचतो.

मांडवाखाली गळून पडलेले फूल पुढल्या खेपेस पाहाल, तेव्हा त्याच्या तळाशी स्त्रीकेसराचा थांबलेला अंकुर होता, हे आठवावे. आणि ज्या फुलामागे काकडी धरली आहे, त्यातही पुंकेसरांचे अंकुर थांबलेले आहेत. दोघेही अर्धे राहिले, म्हणून वेल पुरा झाला. 'वांझ' हा शब्द जिभेवर सहज येतो. तो उच्चारण्यापूर्वी फुलाच्या बाबतीतही थोडे थांबलेले बरे.