क्लोद की अब्राहाम? : जिनिव्हातील एका बारशाची गोष्ट

ऑगस्ट १५४६. जिनिव्हातील एका चर्चमध्ये आमी शाप्वी नावाच्या न्हाव्याच्या मुलाचा बाप्तिस्मा चालू होता. नाव ठरले होते ‘क्लोद’. पाळकांनी मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता मुलाचे नाव ‘अब्राहाम’ असे उच्चारले. बापाने मूल हिसकावून घेतले. हा बाप्तिस्मा झालाच नाही, पोरगा पंधरा वर्षांचा झाला की आपले नाव आपणच निवडेल, असे त्याने बजावले. चर्चमध्ये गदारोळ माजला.

एका नावावरून एवढा कल्लोळ का? जिनिव्हाजवळच्या जुरा डोंगरात संत क्लोद यांचे प्रसिद्ध तीर्थस्थान होते. शहरात हे नाव घरोघरी होते. जॉन कॅल्व्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या दृष्टीने त्या नावामागे मध्यस्थ संताचा आधार उभा होता. आणि देवाचे सार्वभौमत्व मान्य केले, की मध्यस्थाला जागा उरत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरपरिषदेने निषिद्ध नावांची यादीच काढली. तीत क्लोद होते, सणांवरून आलेली नावे होती आणि ‘इमॅन्युएल’, ‘येशू’ यांसारखी केवळ देवाचीच मानलेली नावेही होती. म्हणजे संतांची नावे त्याज्य म्हणून वगळली, देवाची अतिपवित्र म्हणून! या दुसऱ्या कलमाकडे सहसा दुर्लक्ष होते. वास्तविक सारा विचार तेथेच उघड होतो.

उपासनेचे रूपही याच तत्त्वाने पालटले. मूर्ती आधीच गेल्या होत्या. गायन राहिले, पण प्रामुख्याने बायबलमधील स्तोत्रांचे, फ्रेंच भाषेत आणि वाद्यांविना. क्लेमां मारो आणि थिओडोर बेझ यांनी छंदोबद्ध केलेली १५० स्तोत्रे १५६२ मध्ये पूर्ण छापली गेली. पूर्वी गायकवृंद गाई. आता सुतार, विणकर, बायकामुले सारी मंडळी गाऊ लागली. या कठोर व्यवस्थेने सामान्यांना दिलेले हे सर्वांत मोठे दान म्हणावे लागेल.

आसपासच्या गावांसाठी १५४७ चा नियम असा, की उपासनेखेरीज चर्चची दारे बंद ठेवावीत. एरवी कोणी आत येऊन गुडघे टेकले, तर त्या वास्तूलाच पावित्र्य चिकटायचे! देव सर्वत्र असेल, तर प्रार्थनेची खरी जागा घर आणि कामाचा ओटा. उठल्यावर, कामाला लागण्यापूर्वी, जेवणाआधी व नंतर आणि झोपताना प्रार्थना करावी, असे कॅल्व्हिन सांगे. परंतु या वेळा पाळणे हेच पुण्य समजू नये, अशी पुस्तीही जोडी.

झळ बसली ती वृद्धांना. पाळक व वडीलजनांच्या ‘कन्सिस्टरी’ या मंडळापुढे अनेकांना प्रभूची प्रार्थना फ्रेंचमध्ये म्हणून दाखवावी लागे. जन्मभर लॅटिनमध्ये पुटपुटलेले शब्द आणि मरियेचा धावा ज्यांच्या ओठी बसला होता, त्या म्हाताऱ्या तेथे अडखळत. मरियेला हाक मारू नका, एवढेच त्यांना सांगितले जाई. रात्री दुखण्याखुपण्यात त्या कोणाला हाक मारीत, याची नोंद कोण ठेवणार?

कॅल्व्हिनने हा नियम स्वतःलाही लावला. २७ मे १५६४ रोजी तो वारला आणि त्याच्या इच्छेनुसार प्लेनपाले येथील दफनभूमीत खुणेच्या दगडाविना त्याला पुरण्यात आले. आज तेथे ‘जे. सी.’ अक्षरांची शिळा दाखवतात. ती पुष्कळ नंतरची आहे.