अधिक-उणे

पत्र लिहिण्यापेक्षा पत्राचे उत्तर लिहिणे अवघड, हे आपल्या जुन्या कारकुनांना पक्के ठाऊक होते. पेशवाईतले दप्तर उघडून पाहा. उत्तर सहसा एकदम सुरू होत नाही. तुमचे पत्र पावले, हे आधी सांगायचे. त्यात काय लिहिले होते ते थोडक्यात उतरायचे. मग आपले म्हणणे. जासुदाची वाट लांबची, तोवर विचारणाराच आपला प्रश्न विसरलेला असायचा!

आणि कागद तपासल्यावाचून सुटत नसे. १६७४ सालच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कामे ठरली, त्यांत राजपत्रे शोधून अक्षर अधिक-उणे झाले असल्यास मजकूर शुद्ध करावा आणि संमतीचे चिन्ह करावे, हे काम सचिवाकडे आले. अण्णाजी दत्तो तेव्हा सचिव होते. मजकुराच्या शेवटी मोर्तब उमटे. शिवाजीमहाराजांच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’, पुढे पेशवाईत ‘लेखनसीमा’. पत्र येथे संपले. याखाली कोणी काही घुसडले तर ते आमचे नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबईत ही विद्या दरबारातून रस्त्यावर आली. १८७९ साली पैशाचे कार्ड निघाले, आणि लालबाग-परळच्या गिरणीत राबणाऱ्या कोकण्याला घरची खबर परवडू लागली. लिहिता न येणाऱ्यासाठी बोरीबंदरजवळच्या मोठ्या पोस्टासमोर पत्रलेखक बसत. (विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारी ती जॉन बेगची इमारत १९१३ सालची.) पण खरी युक्ती होती जोडकार्डाची. एका कार्डाला दुसरे जोडलेले, त्याचे हशील आधीच भरलेले. त्यावर आपला पत्ता आपणच घालून पाठवायचा, म्हणजे गावाकडच्या माणसाने उत्तर लिहून नुसते पेटीत टाकावे. उत्तर कोठे जावे हे विचारणाऱ्यानेच ठरवले, म्हणून ते चुकत नसे.

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे पत्र धाडले, त्यानंतर हेच प्रश्न पुन्हा उभे राहिले. १९८२ च्या नियमपत्रकात उत्तराचा पत्ता वेगळा देण्याची सोय आहे, तेच जोडकार्ड. हे कोणत्या पत्राचे उत्तर, हे सांगणारी ओळही आहे.

आज परळच्या गिरण्यांच्या आवारात काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारी मुले बसतात. पत्राच्या आज्ञावलीत ‘उत्तर द्या’ या बटणामागे काही दुरुस्ती करायची झाली, की एकजण तिला ठिगळ लावतो. ते म्हणतात ‘पॅच’. दुसरा ते ठिगळ तपासतो. पडद्यावर नव्या ओळीपुढे अधिकाचे चिन्ह असते, काढलेल्या ओळीपुढे उण्याचे. सचिवाचे अधिक-उणे साडेतीनशे वर्षांनी असे भेटेल, असे कोणाला वाटले असेल!

तपासणारा काय पाहतो? ‘सर्वांना उत्तर’ म्हटल्यावर लिहिणाऱ्याचा स्वतःचाच पत्ता यादीत येतो काय? विषयापुढे ‘री’ आधीच असताना आणखी एक ‘री’ चिकटते काय? ही किरकोळ कामे. खरी भीती निराळी आहे. एखाद्या पत्राची गुपचूप प्रत तिसऱ्याला धाडलेली असते. त्या तिसऱ्याने भाबडेपणाने ‘सर्वांना उत्तर’ दाबले, की बिंग फुटले! चांगला तपासनीस येथे थांबतो आणि विचारतो, की बटण दाबणाऱ्याला आधी सावध करायचे की नाही? ओळी बिनचूक असूनही ठिगळ परत जाते ते अशा प्रश्नावर. एकट्याशी बोललेला शब्द दहाजणांपुढे गेला तर नोकरी जाते, भाऊबंदकी पेटते. यंत्राला त्याचे सुतक नसते.

लेखनसीमाही या नव्या दप्तरात आहे. मजकूर संपला की दोन आडव्या रेघा, त्यांच्या पुढे एक मोकळी जागा, आणि खालच्या ओळीपासून नाव-पत्ता, असा संकेत आहे. उत्तर लिहिताना आज्ञावलीने त्या रेघांखालचे सारे गाळावे, म्हणजे दर खेपेला जुनी नावे-पत्ते शेपटासारखी वाढत नाहीत. ती मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही. पुष्कळजण ती विसरतात, मग यंत्राला सीमा सापडत नाही, आणि तपासणाऱ्याला ‘येथे एक अक्षर उणे’ असा शेरा मारावा लागतो.