जीवरसायनशास्त्राची प्रमाणित परीक्षा : काय मोजते, काय नाही?

विशेष प्रतिनिधी

एका विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात ७५ टक्के मिळवणारा आणि दुसऱ्या विद्यापीठात ६० टक्के मिळवणारा, यांपैकी विषय कुणाला अधिक कळला? प्रश्नपत्रिका वेगळी आणि तपासणारेही वेगळे असल्याने गुणपत्रिकेवरून याचे उत्तर मिळत नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे यासाठी प्रमाणित परीक्षेचा आधार घेतात.

स्वरूप

अमेरिकन केमिकल सोसायटी १९३०च्या दशकापासून रसायनशास्त्राच्या विविध शाखांच्या अशा परीक्षा तयार करीत आली आहे. जीवरसायनशास्त्राची परीक्षा त्यांपैकीच एक. प्राध्यापकांची समिती प्रश्न काढते. ते आधी विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतले जातात आणि जाणकार व कच्चा विद्यार्थी यांत फरक न करणारे प्रश्न गळतात. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. प्रश्नपत्रिका गोपनीय असून ती विद्यार्थ्याकडे राहत नाही.

निकालाचा अर्थ

विद्यार्थ्याचे गुण देशभरातील गुणांशी ताडून पर्सेंटाइल काढले जाते. एमएचटी-सीईटीमुळे हा शब्द आपल्याकडेही परिचयाचा आहे. ७० पर्सेंटाइल म्हणजे ७० टक्के गुण नव्हेत, तर सुमारे ७० टक्के परीक्षार्थींच्या पुढे असणे. मात्र ही तुलना प्राध्यापकांनी स्वेच्छेने पाठविलेल्या गुणांवर आधारलेली असते, सर्व विद्यार्थ्यांच्या नव्हे.

मर्यादा

स्पर्धात्मक अवरोधकामुळे एन्झाइमचा ‘केएम’ वाढतो, ‘व्हीमॅक्स’ तोच राहतो, हे पाठ असले की योग्य पर्याय निवडता येतो. परंतु सबस्ट्रेटचे प्रमाण पुरेसे वाढविल्यास तो अवरोधकाला हटवतो, हे कारण समजले आहे की नाही, ते त्या खुणेतून कळत नाही. प्रयोगशाळेतील हातोटीही कागदावर उमटत नाही. अमेरिकन सोसायटी फॉर बायोकेमिस्ट्री अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेने आपल्या प्रमाणपत्र परीक्षेत स्वतःच्या शब्दांत उत्तरे लिहिण्यावर भर दिला, तो याच कारणाने. तेथे उत्तरे प्राध्यापक तपासतात. त्यामुळे वेळ आणि श्रम वाढतात.

या परीक्षेला अंतिम श्रेणीत किती वजन द्यायचे, हे शिकविणारा प्राध्यापक किंवा विभाग ठरवतो. प्रमाणित गुण विद्यार्थ्याचे इतरांच्या तुलनेतील स्थान सांगतात. तो कसा विचार करतो, हे जाणण्यासाठी लेखी उत्तर, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा यांना पर्याय नाही.